घर बांधावे कोठे?

समजा, तुमच्या कुटुंबाला एखाद्या तालुक्यात जाऊन घर बांधायचे आहे. शेती करायची, परसात भाजी लावायची आणि पूर, दुष्काळ किंवा वादळ आले तरी महिनाभर कोणावर अवलंबून राहायचे नाही. जागा कशी निवडाल?

उदाहरणासाठी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुका घेऊ. याच्या पश्चिमेला भीमाशंकरचे डोंगर, तर पूर्वेला मंचरकडील सपाट प्रदेश. घोड नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो कोसळतो. पूर्वेकडे जावे तसा तो झपाट्याने कमी होतो. म्हणजे एकाच तालुक्यात पाण्याचे दोन अगदी वेगळे प्रश्न!

आधी कमी पावसाचा भाग पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की बरोबर एक लिटर पाणी मिळते. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस आणि ६० चौरस मीटरचे छप्पर धरा. ६० × ५०० = ३०,००० लिटर! पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी २४,००० लिटर उरतात. पाच माणसांना पिण्यास व स्वयंपाकास मिळून रोज १०० लिटर लागले, तर हा साठा २४० दिवस, म्हणजे आठ महिने पुरेल. मात्र त्यासाठी ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व २ मीटर खोल टाकी हवी. शेतीला विहीर लागेलच. येथील खडक काळा बसाल्ट. तो स्वतः पाणी धरत नाही. पाणी साठते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात.

मग भरपूर पावसाच्या पश्चिमेकडे जावे काय? तेथे पाण्याइतकाच उतारही तपासावा लागतो. डोंगरउतारावर कठीण खडकावर मातीचा थर असतो. कोरड्या मातीचे कण घर्षणामुळे एकमेकांना धरून राहतात. सतत पाऊस पडला, की कणांमधील पोकळ्या पाण्याने भरतात. थराचे वजन वाढते; शिवाय पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर रेटतो. घर्षण कमी होते आणि अखेर सारा थर खाली घसरतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच तालुक्यातील माळीण गाव असेच गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा बाहेर बातमी कळली.

माळीणकरांसाठी जवळच नवी वसाहत उभारण्यात आली. पण २०१७ च्या पहिल्याच पावसाळ्यात तेथेही काही ठिकाणी जमीन खचली. उतार कापून सपाट केलेल्या जागी भर घातलेली माती नीट दबलेली नसेल, तर पाणी मुरताच ती बसते. म्हणून घराचा पाया मूळच्या घट्ट जमिनीवरच हवा.

तर मग नदीकाठची सपाट जमीन बरी? तेथील गाळाची माती पिकाला उत्तम, पण ती आणली कोणी? पुरानेच! म्हणून शेत काठावर असावे, घर पूररेषेच्या वर. काळी माती कापसाला, ज्वारीला चांगली. पण ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि भिंतींना तडे पाडते.

पाहिलेत ना? सर्व गुण एकाच जागी सापडत नाहीत. कोणता धोका टाकीने, पायाने किंवा तयारीने टाळता येतो आणि कोणता टाळता येत नाही, हे ओळखणे महत्त्वाचे. पाणी साठवता येते. घसरणारा डोंगर थोपवणे घरच्या माणसांच्या हाती नसते.

आता तुमच्याच गावाचा नकाशा काढा. त्यात विहिरी, ओढे, उतार, दवाखाना आणि बाहेर जाणारे रस्ते दाखवा. रस्ता एकच असून त्यावर पूल असेल, तर तेथे खूण करा. सर्वांत मोठ्या पुराचे पाणी कोठवर आले होते, हे आजी-आजोबांना विचारा. डोंगराला नवी भेग पडली, झाडे वा खांब कलले किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर थांबू नका. उताराच्या वाटेतून दूर व्हा आणि मोठ्यांना लगेच सांगा.