पिकअपच्या मागच्या हाउसिंगचं ऑइल शेवटचं कधी पाहिलं? नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर आधी हे वाचा

यवतमाळ : गाडी सर्व्हिसिंगला गेली की इंजिन ऑइल बदलते, चाकांची हवा पाहिली जाते, गाडी धुऊन घरी येते. पण मागच्या दोन चाकांच्या मधात जो लोखंडी गोळा दिसतो, त्याकडे बहुतेक जण वाकूनही पाहत नाहीत. मेस्त्री लोक त्याला हाउसिंग म्हणतात, कोणी डिफरन्शियल म्हणतात. त्यातलं ऑइल कमी झालं किंवा त्यात पाणी गेलं तर आधी आवाज सुरू होतो, मग दाते जातात. आणि ऑइल चाकाकडे गळलं तर थेट ब्रेकवर येते. ज्या गाडीत दिवसा कापूस जिनिंगला जातो, त्याच गाडीत रात्री-बेरात्री घरचा पेशंट तालुक्याला न्यावा लागतो. म्हणून हे पाहणं गरजेचं आहे.

हाउसिंगमध्ये असते काय?

बैलगाडीची दोन्ही चाकं आपापली सुटी फिरतात. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरते, आतलं कमी. मोटारगाडीत मात्र चाकाला इंजिनची ताकद द्यायची असते आणि वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरूही द्यायचं असते. ही दोन्ही कामं हाउसिंग करते. इंजिनकडून येणारा लांब शॉफ्ट पिनियन नावाच्या लहान गियरला फिरवतो, पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो. हे दाते नुसते एकमेकांत बसत नाहीत, एकमेकांवर घासत सरकतात. त्यांच्यावर दाब एवढा असतो की साधं ऑइल मधातून पिळून निघून जाते.

म्हणून यात इंजिन ऑइल चालत नाही. गियर ऑइलच लागते. डब्यावर ९० किंवा ८०डब्ल्यू-९० असा जाडीचा आकडा आणि जीएल-५ असा दर्जा लिहिलेला असतो. बहुतेक पिकअपच्या हाउसिंगला जीएल-५ लागते. मात्र गियरबॉक्सला अनेक गाड्यांत जीएल-४ सांगितलेलं असते, कारण जीएल-५ मधली रसायनं आतल्या पितळी रिंगांना खाऊ शकतात. त्यामुळे "एकच डबा दोन्हीकडे" करू नका. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात कोणतं ऑइल, किती लिटर आणि किती किलोमीटरवर बदलायचं हे लिहिलेलं असते. तेच धरून चाला.

लेव्हल कशी पाहायची?

१. गाडी सपाट जागेवर उभी करा. उतारावर लेव्हल चुकीची दिसते. गाडी नुकतीच चालून आली असेल तर थोडा वेळ थांबा.

२. हॅन्डब्रेक ओढा, इंजिन बंद करून गाडी गियरमध्ये ठेवा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका. पिकअप उंच असते, बहुतेक वेळा जॅकची गरज पडत नाही.

३. हाउसिंगवर साधारण दोन बोल्ट असतात. साधारण मध्यावरचा भरायचा, तळाचा ऑइल काढायचा. आजूबाजूची माती ब्रशने साफ करून आधी वरचा बोल्ट खोला.

४. ऑइल छिद्राच्या खालच्या काठाला टेकलेलं दिसलं तर लेव्हल बरोबर. दिसत नसेल तर करंगळी वाकवून आत घाला. बोटाला लागत नसेल तर ऑइल कमी आहे.

५. गियर ऑइल घट्ट असते. हातपंपाने किंवा नळी लावलेल्या बाटलीने हळूहळू भरा. छिद्रातून बाहेर ओघळायला लागलं की थांबा आणि ओघळ थांबल्यावर बोल्ट वायसरसह घट्ट करा.

जास्त भरलं म्हणजे चांगलं, असं नाही. जास्तीचं ऑइल फेसाळते, दाब वाढवते आणि सीलमधून बाहेर पडते.

ऑइल बदलायचं असेल तेव्हाही वरचा बोल्ट आधी खोला. तळाचा आधी खोलून सगळं ऑइल काढलं आणि वरचा जाम निघाला, तर गाडी जागेवरच अडकते.

नाल्यातून गाडी गेली असेल तर

आपल्या जिल्ह्यात पैनगंगा, अरुणावती, अडाण, बेंबळा यांना पूर येतो तेव्हा लहान पुलांवरून पाणी जाते. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातलं आनंदनगर पुरात अडकलं होतं, ते सर्वांना आठवत असेल. वाहत्या पाण्यात गाडी घालूच नये. पण साचलेल्या पाण्यातून गाडी काढावीच लागली असेल, तर लक्षात ठेवा : चालून तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. हाउसिंगवर ब्रीदर नावाचा लहान झडपेसारखा भाग असतो. त्यातून किंवा जुन्या सीलमधून पाणी आत जाते.

वरचा बोल्ट खोलल्यावर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलं आहे. ऑइल न मिसळता वेगळं राहिलं तर पाणी तळाशी बसते. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी तळाचा बोल्ट थोडा ढिला केला तर आधी पाणी येते. असं ऑइल पूर्ण बदला. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर साफ करा, नाहीतर आतला दाब सीलवर येतो.

या खुणा ओळखा

चालताना मागून घूंऽऽ आवाज येत असेल आणि ॲक्सिलेटर सोडल्यावर तो बदलत असेल, तर हाउसिंग तपासा. तळाच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावर राखाडी चिखलासारखी बारीक पूड सापडते, ती साधारण असते. लोखंडाचे तुकडे सापडले तर गाडी चालवू नका, मेस्त्रीला दाखवा.

मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने काळे ओघळ दिसले तर सर्वात आधी ब्रेक तपासा. ओघळ घट्ट आणि उग्र वासाचा असेल तर गियर ऑइल. पातळ असेल आणि ब्रेक ऑइलची डबी उतरत असेल तर ब्रेकचं. दोन्हीत धोका सारखाच आहे. ऑइल पिलेले लायनर पेट्रोलने पुसून भागत नाही, सील आणि लायनर दोन्ही बदलावे लागतात.

कोणत्या गाड्यांना हे लागू?

बोलेरो, पिकअप, छोटा हत्ती, ईको, सुमो, म्हणजे ज्यांची ताकद मागच्या चाकांना जाते त्यांना. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान कारना मागे हाउसिंगच नसते. ट्रॅक्टरचं वेगळं आहे. अनेक ट्रॅक्टरमध्ये गियरबॉक्स, मागचा धुरा आणि हायड्रोलिक यांचं ऑइल एकच असते. तिथे कंपनीने सांगितलेलंच टाका, डब्यातलं ९० नको.

काढलेलं काळं ऑइल विहिरीजवळ, नाल्यात किंवा बांधावर ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या, तिथे जुन्या ऑइलचा ड्रम असतो.

कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, वर्षातून दोन वेळा हे पाहून घ्या. तारीख आणि किलोमीटर गाडीच्या पुस्तकावर लिहून ठेवा.