पानाखाली जाळं विणणारी मांसाहारी अळी

वडगाव निंबाळकरचं शिवार नीरा डाव्या कालव्यावर पोसलेलं. इथं पतंगाची अळी म्हटलं की आधी आठवतो तो खोडकिडा. कोवळ्या उसाचा पोंगा वाळतो, ओढला की अलगद हातात येतो आणि नाकाला घाण वास लागतो. आत सापडते ती अंगावर पाच जांभळट रेघा असलेली अळी. तिला ओळखायला शाळा लागत नाही. पण या ओळखीमुळेच उसावर कुठलीही अळी दिसली की फवारणीचा पंप बाहेर निघतो. त्यात एका भल्या अळीचा हकनाक बळी जातो.

२००२ च्या पावसाळ्यात सांगली भागात उसाच्या पानांची खालची बाजू पांढरीशुभ्र झाली आणि लोकरी मावा बघता बघता राज्यभर पसरला. मावा पानाचा रस शोषतो, त्याचा गोड चिकटा खालच्या पानांवर ठिबकतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. मादी नराशिवाय थेट पिल्लंच घालते, मग गर्दीला काय तोटा? पण या गर्दीवरच जगणारा एक पतंगही फडात होता : डिफा ॲफिडिव्होरा. नावातल्या ‘ॲफिडिव्होरा’चा अर्थच मावा खाणारा.

फुलपाखरं आणि पतंगांच्या शंभर जातींत एकही अळी धड मांसाहारी निघत नाही, बहुतेक सगळ्या पानंच कुरतडतात. डिफाची अळी त्यातली अपवाद. मादी माव्याच्या वस्तीतच अंडी घालते. काही दिवसांत अळी बाहेर येते, पानाखाली रेशमी धाग्यांचं जाळं विणते आणि त्याच्या आडोशानं मावा फस्त करत पुढं सरकते. कोषही तिथंच, पानावर. अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा प्रवास साधारण महिन्याभरात आटोपतो.

पतंग मात्र दिसायला अगदीच सामान्य : लहानसा, करडा. नुसत्या पंखांवरून त्याची जात सांगायला तज्ज्ञसुद्धा कचरतात, अनेकदा सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियं तपासावी लागतात. म्हणून शेतात ओळख पटवायची ती अळीवरून. माव्यात सिरफिड माशीची अळीही असते, पण तिला पाय नसतात. मायक्रोमस या दुसऱ्या मावाखाऊ किड्याच्या अळीला विळ्यासारखे जबडे असतात, पण ती जाळं करत नाही. जाळं, पाय आणि भोवती माव्याचा पांढरा कचरा असं तिन्ही एकत्र दिसलं, की समजावं डिफाच.

लोकरी माव्यासाठी हेक्टरी १००० डिफा अळ्या किंवा कोष सोडायची शिफारस आहे. त्या वाढवायला प्रयोगशाळा लागत नाही. शेडनेटमध्ये ऊस लावायचा, त्यावर मावा पोसायचा आणि डिफा सोडायचा. पुढं अळ्या असलेल्या पानांचे तुकडे कापून मावा पडलेल्या उसाच्या पानांना टाचायचे, आणि त्या फडात काही दिवस पंप न्यायचा नाही.