फुप्फुसात कुंपणच शेत खाते



ऊस तोडल्यापासून २४ तासांत गाळपास आला पाहिजे, असा आग्रह शेती खाते दर हंगामात धरते. तोडलेला ऊस वाळून वजन घटते हे तर दिसतेच. पण आत इन्व्हर्टेज नावाचे एन्झाइम साखरेचे तुकडे करीत असते, ते दिसत नाही. उतारा घसरला की मग कळते. एन्झाइम म्हणजे जिवंत पेशीने बनविलेली कात्रीच म्हणा ना. आवरणारा कोणी नसला की ती कापतच राहते.

अशी कात्री आपल्या छातीतही असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल या शरीराच्या राखणदार. जंतू, धूळ, धूर फुप्फुसात शिरला की त्या धावून येतात. इलॅस्टेज, कॅथेप्सिन-जी व प्रोटिनेज-३ ही त्यांची हत्यारे. गिळलेल्या जंतूचा फडशा त्यांनी पाडायचा. पण सूज बरेच दिवस राहिली की ही एन्झाइमे पेशीबाहेर सांडतात आणि घरचेच खाऊ लागतात. फुप्फुसाला ताणून पुन्हा जागेवर आणणारा इलॅस्टिनचा धागा असतो. तो तुटला की फुप्फुस जुन्या ट्यूबसारखे सैल पडते. यालाच एम्फिसीमा म्हणतात. तुटलेला धागा पूर्ववत होत नाही.

शरीराने बंदोबस्त केलेला आहे. यकृतात अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाचे प्रोटीन तयार होऊन रक्तावाटे फुप्फुसात येते आणि इलॅस्टेजला मिठी मारून निकामी करते. सन १९६३ मध्ये स्वीडनच्या लॉरेल व एरिक्सन यांनी हे प्रोटीन रक्तात कमी असलेली माणसे शोधली. त्यांतल्या काहींची फुप्फुसे ऐन उमेदीतच खराब झालेली होती.

आता खरी गोम ऐका. ज्याच्या रक्तात हे प्रोटीन भरपूर आहे त्याचेही सुजलेल्या फुप्फुसात ते वाया जाते. विडी-सिगारेटच्या धुराने त्याचा नेमका पकडीचा भाग जणू गंजतो. दुसऱ्या राखणदार पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, यांची एन्झाइमे तर त्याचे तुकडेच करतात. उलट मॅक्रोफेजच्या एन्झाइमांना आवरणारे जे प्रोटीन, ते इलॅस्टेज कापते. दोन चोरांनी एकमेकांचे पहारेकरी मारावेत तसे! जंतूंना चिकटून त्यांची ओळख पटविणारी सर्फॅक्टंट-ए व सर्फॅक्टंट-डी ही प्रोटीनेही इलॅस्टेजच्या तडाख्यात सापडतात. मग जंतू माजतात, त्यांच्यामागे आणखी न्यूट्रोफिल येतात, आणि हे चक्र थांबत नाही.

आपल्या गावांतून मुंबईला गेलेल्या माणसांची छाती आम्हांला इथे आठवते. लालबाग-परळच्या चाळींत घरटी कोणी ना कोणी गिरणीत होते. ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात कापसाची धूळ सर्वांत जास्त. त्या धुळीत जंतूंच्या कवचाचे विष, एंडोटॉक्सिन, असते आणि तेच न्यूट्रोफिलना बोलावते. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, ही बिसिनोसिसची खूण. परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांचा पाच वर्षे पाठपुरावा केला. हा रोग दम लागण्याच्या इतर जुनाट विकारांहून वेगळा कसा ओळखावा, हे त्यांनी १९८१ मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी, १९८२ साली, संप झाला. गिरण्या गेल्या, पण खोकला घेऊन गावी परतलेले कित्येक होते.

औषधांत आता थोडी आशा आहे. ही एन्झाइमे अस्थिमज्जेतच धार धरू नयेत म्हणून ब्रेन्सोकॅटिब नावाची गोळी निघाली. ब्राँकिएक्टॅसिस या श्वासनलिकांच्या विकारासाठी अमेरिकेत २०२५ साली तिला मान्यता मिळाली. आपल्यासाठी तूर्त विडी सोडणे आणि पाचट न जाळता सरीत आच्छादन करणे हे बिनपैशाचे औषध. घरातल्या बायकांना चुलीचा धूर लागतो, त्याचाही विचार व्हावा.

कारखान्याच्या आवारातील जुन्या बगॅसची गोष्ट थोडी निराळी. त्यातल्या बुरशीसारख्या सूक्ष्मजंतूंनी बगॅसोसिस होतो आणि त्यात दुसऱ्या पांढऱ्या पेशींचा, लिम्फोसाइटचा, हात मोठा असतो. ढीग हलविण्यापूर्वी पाणी मारावे, नाकातोंडावर मास्क बांधावा. कामानंतर चार ते आठ तासांनी ताप, कोरडा खोकला व धाप आली, तर डॉक्टरांना आधी सांगावे की आज बगॅसवर काम केले आहे.