जगातलं चौथं भांडं

संध्याकाळचे साडेसहा. गावच्या डेअरीसमोर किटल्यांची रांग. आत टेबलावर फॅटचं मशीन, शेजारी काटा, भिंतीला टेकवलेले ॲल्युमिनियमचे कॅन. एक आजी पुढे होतात, किटली रिकामी करतात. मशीनवरचा पोरगा त्यातलं दोन-चार चमचे दूध नळीला लावतो आणि अर्ध्या मिनिटात चिठ्ठी बाहेर येते. लिटर 4.2, फॅट 3.4, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) 8.5, पुढे दर, पुढे रक्कम. आजी चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरतात.

"आज फॅट खाली आली व्हय रं?"

"ओला चारा लई झालाय आज्जी. कडबा घाला जरा."

चिठ्ठी कमरेच्या पिशवीत जाते. दहा दिवसांनी अशा वीस चिठ्ठ्यांची बेरीज होऊन बिल निघेल. पेंडेची उधारी, नातवाची फी, किराणा, सगळं त्या बिलावर.

मी ही चिठ्ठी कितीदा तरी पाहिली होती. तिच्यामागे केवढा पसारा उभा आहे याचा हिशेब मात्र अलीकडे मांडून बघितला, आणि चक्रावलो. 2023-24 या वर्षात भारतात 23 कोटी 93 लाख टन दूध निघालं. जगातल्या दर चार भांड्यांपैकी जवळजवळ एक भांडं आपल्याकडे भरतं. वर्षाचा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून दिवसाचा काढू: साधारण साडेत्रेसष्ट कोटी लिटर. वीस हजार लिटरचे टँकर भरायचे म्हटले तर जवळपास बत्तीस हजार टँकर लागतील. एक टँकर बारा मीटर लांब धरा आणि नाकाला शेपटी लावून ते महामार्गावर उभे करा. रांगेचं एक टोक मुंबईत, दुसरं कोल्हापूरच्या वेशीत. आणि ही रांग उद्या पुन्हा नवी, परवा पुन्हा नवी.

गंमत पुढेच आहे. एवढं दूध मोठमोठ्या फार्मांतून येत असेल असं कुणालाही वाटेल. अमेरिकेतली एक गाय वर्षाला दहा-अकरा हजार लिटर देते आणि हजार-हजार गायींचे गोठे तिथे नवलाचे नाहीत. आपली गावठी गाय दिवसाला तीन-चार लिटरवर थांबते, संकरित आठ-साडेआठवर. गोठ्यात दोन, फार तर चार जनावरं. त्यातलं एखादं भाकड, एखादं आटत आलेलं. देशात साधारण आठ कोटी कुटुंबं दुधात आहेत असं सरकार सांगतं. म्हणजे हा महापूर कुठल्या धरणातून सुटलेला नाही. ठिबक सिंचन उलटं चालवावं तसा हा प्रकार आहे: शिवारभर थेंब गोळा करायचे, नळीत आणायचे, नळीतून बल्क कूलरमध्ये, कूलरमधून टँकरमध्ये. आणि हे रोज दोन वेळा, दूध नासायच्या आत.

त्यातही निम्म्याला थोडं कमी दूध गायीचं नाहीच, ते म्हशीचं आहे. जगाच्या दुधाची पुस्तकं युरोपात लिहिली गेली, त्यामुळे त्यांत म्हैस कोपऱ्यात उभी असते. त्या पुस्तकांनी एकदा आपल्याला चांगलंच अडवलं होतं. म्हशीच्या दुधात केसीन हे प्रथिन आणि कॅल्शियम, दोन्ही जास्त. आटवायला घेतलं की ते दाट होऊन गुठळ्या धरतं, म्हणून त्याची फवारून पावडर होणार नाही असं परदेशी तज्ज्ञांचं मत होतं. गुजरातेत आणंदला एच. एम. दलाया नावाच्या अभियंत्याने ती करून दाखवली आणि 31 ऑक्टोबर 1955 रोजी तिथल्या नव्या कारखान्याचं उद्घाटन नेहरूंच्या हस्ते झालं. अमूलच्या कुरियन यांचं नाव सगळ्यांना पाठ असतं, दलायांचं फार थोड्यांना. माझ्या मते ही उधारी अजून फिटलेली नाही.

पावडरीचं एवढं कौतुक का, हे गोठा पाहिलेल्याला लगेच कळेल. म्हशी पावसाळ्यात आणि त्यापाठोपाठ वितात, त्यामुळे हिवाळ्यात दुधाला ऊत येतो. डेअरीवाले त्याला पुष्टकाळ म्हणतात. उन्हाळ्यात वैरण संपते, दूध आटतं, तो कृशकाळ. माणसाचा चहा मात्र बारमाही. दुधात सत्त्याऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते काढून टाकलं की जानेवारीचं दूध पोत्यात भरून मेपर्यंत ठेवता येतं. पावडरीचं पोतं म्हणजे दुधाचं कोठार. ते नव्हतं तेव्हा हिवाळ्यातलं जादा दूध डेअरी नाकारायची. नाकारलेल्या दुधाचं करायचं काय? तूप कढवा, खवा आटवा, नाहीतर वासराला पाजा.

मुंबईकरांच्या आजोबा पिढीला या गोष्टीची दुसरी बाजू ठाऊक आहे. सरकारी आरे दुधाच्या केंद्रावर पहाटे कार्ड घेऊन उभं राहायचं आणि मिळतील तेवढ्या काचेच्या बाटल्या आणायच्या. 1950-51 मध्ये देशात दूध होतं 1 कोटी 70 लाख टन, माणशी दिवसाला 130 ग्रॅम. पुढची वीस वर्षं दूध थोडं वाढलं, पण माणसं त्याहून भराभर वाढली आणि माणशी वाटा उलट घटला. याच मुंबईला दूध पुरवण्याच्या भानगडीतून खेडा जिल्ह्याची कथा सुरू होते; आणंद तेव्हा याच जिल्ह्यात होतं. एकाच खासगी कंपनीला दूध घालायची सक्ती नको म्हणून 1946 मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूधच बंद ठेवलं. त्रिभुवनदास पटेल यांनी गावोगाव सोसायट्या उभ्या केल्या आणि त्यांच्या संघाचं दूध रेल्वेने मुंबईला येऊ लागलं. अमूल हे नाव त्या संघाला नंतर चिकटलं.

ऑक्टोबर 1964 मध्ये लालबहादूर शास्त्री आणंदजवळच्या अजरपुरा गावात एक रात्र मुक्कामाला राहिले. तिथली सोसायटी पाहून त्यांनी हेच सगळ्या देशात करा म्हणून सांगितलं. 1965 मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ निघालं आणि 1970 मध्ये ऑपरेशन फ्लड. आपल्याकडे त्याला दुधाचा महापूर म्हणत. पैसा कुठून आला, हा त्यातला सगळ्यात चतुर भाग. युरोपात तेव्हा पावडर आणि लोण्याचे अक्षरशः डोंगर साचले होते, आणि ते गरीब देशांना दान करायला तिकडचे लोक उत्सुक होते. असं फुकटाचं दूध बाजारात आलं की स्थानिक गवळी बसतो. कित्येक देशांत तो बसला. आपल्याकडे पहिल्या टप्प्यात 1 लाख 26 हजार टन पावडर आणि 42 हजार टन बटर ऑइल दानात आलं. ते फुकट वाटलं नाही. त्याचं दूध करून मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईत दराने विकलं आणि आलेल्या पैशांत डेअऱ्या, शीतगृहं, टँकर घेतले. ज्या पावडरीने गोठा बुडाला असता, तिच्याच पैशांत गोठ्यापर्यंत रस्ता झाला. 1998 मध्ये भारताने अमेरिकेला मागे टाकलं आणि तेव्हापासून पहिला नंबर सोडलेला नाही. 2023-24 मध्ये माणशी वाटा 471 ग्रॅमवर गेला.

ही सरासरी कागदावरची आहे हे मात्र ध्यानात असू द्या. एकूण दूध भागिले एकूण डोकी, एवढाच तिचा अर्थ. पंजाबात माणशी रोज लिटरभराहून जास्त येतं, ईशान्येतल्या काही राज्यांत शंभर ग्रॅमही नाही.

मग हे दूध जातं कुठे? जवळजवळ निम्मं तर गावाची वेसही ओलांडत नाही. घरच्यांच्या पोटात जातं, नाहीतर शेजाऱ्याच्या रतिबाला. उरलेल्यातलंही सगळं पिशवीत येत नाही. हलवाई, चहाच्या टपऱ्या आणि सायकलला कॅन लावलेले गवळी त्यातला मोठा वाटा उचलतात. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर तर पॅकिंग, साठवण, वाहतूक हे सगळे टप्पे एका फटक्यात गळतात. म्हैस समोर उभी, धार चरवीत पडते, फेसासकट पेला हातात. धारोष्ण दूध. उत्पादन आणि खप यांच्यातलं अंतर एक हात. दुग्धव्यवसायाच्या कुठल्याही अहवालात हा पेला मोजला जात असेल असं मला वाटत नाही, पण भारताचं दूध समजून घ्यायचं तर सुरुवात तिथूनच करावी.

आता परदेशाचा हिशेब. 2023-24 मध्ये भारताने 63,738 टन दुग्धजन्य पदार्थ निर्यात केले: तूप, लोणी, पावडर वगैरे. किलोभर पावडरीला दहा-बारा लिटर दूध लागतं, म्हणून ढोबळमानाने दहाने गुणू. येतात 6 लाख 37 हजार टन. देशाचं एका दिवसाचं दूध साडेसहा लाख टन. म्हणजे तीनशे पासष्ट दिवसांतलं जेमतेम एका दिवसाचं दूध आपण जगाला विकतो, बाकी सगळं घरात संपतं. आयातही नावापुरतीच.

शेजारी न्यूझीलंड ठेवा. वस्ती पन्नास लाखांच्या थोडी वर, म्हणजे पुणे महानगरात मावेल एवढा देश. दूध आपल्या अकराव्या हिश्श्याहून कमी. पण त्यातलं सुमारे 95 टक्के दूध देशाबाहेर जातं. त्यांच्या पावडरीचा ऑनलाइन लिलाव दर पंधरवड्याला होतो आणि त्या दराकडे सगळं जग डोळे लावून बसतं. मुळात जगातल्या एकूण दुधापैकी जेमतेम दहावा हिस्सा सीमा ओलांडतो. त्या चिंचोळ्या बाजारात न्यूझीलंड राजा आणि जगाचा सगळ्यात मोठा दूधवाला जवळजवळ गैरहजर!

ही गैरहजेरी थोडी भुकेमुळे आहे, थोडी कुंपणामुळे. बाहेरून पावडर आणायची तर कोट्यापलीकडे 60 टक्के आयातशुल्क, लोण्याला 40 टक्के. शिवाय, ज्या जनावराचं दूध आहे त्याला मांस किंवा रक्तापासून केलेलं खाद्य घातलेलं नाही, असा दाखला लागतो. अमेरिकेशी व्यापाराची बोलणी अडत आली, त्याला हेही एक कारण आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये भारत आरसेप या व्यापारकराराच्या बोलण्यांतून बाहेर पडला, त्यात न्यूझीलंडच्या दुधाची धास्ती हे मोठं कारण होतं. 2025 मध्ये ब्रिटनशी करार झाला, त्यातूनही दूध बाजूला ठेवलं. दोन गायींची आजी आणि पाचशे गायींचा शेतकरी यांची कुस्ती एकाच मातीत लावू नये, या मताचा मीही आहे.

पण कुंपणाखालून पाणी शिरतंच. 2014 मध्ये रशियाने युरोपच्या लोणी-चीजला दार बंद केलं. 1 एप्रिल 2015 रोजी युरोपने दूध उत्पादनावरची कोट्याची मर्यादा उठवली आणि तिकडे दूध वाढलं. सरकारी गोदामांत पावणेचार लाख टनांहून अधिक पावडर साचली आणि जगात पावडरीचा भाव पडला. 2013-14 मध्ये भारताने सुमारे 1 लाख 30 हजार टन पावडर विकली होती. 2017-18 मध्ये हा आकडा साडेअकरा हजारांच्या आसपास आला. महाराष्ट्रात गायीचं दूध जास्त, पावडरीचे कारखानेही जास्त. इथली गोदामं भरली, खरेदीचा दर सतरा ते वीस रुपयांवर घसरला आणि जुलै 2018 मध्ये आंदोलनात दूध रस्त्यावर ओतलं गेलं. पाण्याची बाटली दुधाहून महाग, हे वाक्य तेव्हा चौकाचौकात ऐकू येत होतं. शेवटी सरकारने 25 रुपये दर जाहीर केला.

हिशेब आपण करून पाहू. शंभर लिटर गायीच्या दुधातून साधारण नऊ किलो पावडर आणि चार किलोच्या आसपास लोणी निघतं. पावडरीचा भाव किलोला 50 रुपयांनी पडला, तर लिटरमागे साडेचार रुपये गेले. ज्या आजींनी युरोपच्या कारभाराचं ठाणं असलेल्या ब्रसेल्सचं नावही ऐकलेलं नाही, त्यांच्या चिठ्ठीवरचे साडेचार रुपये तिथल्या एका निर्णयाने हलू शकतात. पुढे 2024 मध्ये पावडर पुन्हा पडली, तेव्हा राज्य सरकारला लिटरमागे पाच रुपयांचं अनुदान द्यावं लागलं. साडेचार आणि पाच. आकडे किती जवळ आहेत बघा.

जाता जाता स्वयंपाकघरातलंच एक सांगतो. उद्या सकाळी दुधाची पिशवी कापण्याआधी तिच्यावरचा मजकूर वाचा. 'टोण्ड' लिहिलेलं असेल, तर आत फॅट 3 आणि एसएनएफ 8.5 असायला हवं. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि मलईविरहित पावडर घालून ते जास्त घरांपर्यंत पोचवायची ही युक्ती 1946 च्या सुमारास दारा खुरोडी यांनी काढली. आरे कॉलनी उभारणारे ते हेच. 1963 चा मॅगसेसे पुरस्कार त्रिभुवनदास, कुरियन आणि खुरोडी या तिघांना मिळून मिळाला होता. टोण्ड दूध देशभर विकलं जातं, पण ते जन्मलं मुंबईत.