मोटार विमा, रस्त्याबाहेरील वापराचा

शेत, खाण, जंगलवाट, नदीपात्र, समुद्रकिनारा, कारखान्याचे आवार अशा बांधीव रस्त्यापलीकडील ठिकाणी मोटार वाहन चालविताना उद्‌भवणाऱ्या जोखमींना मिळणारे विमासंरक्षण. या जोखमी दोन प्रकारच्या असतात : एक, वाहनाचे स्वतःचे नुकसान, दुसरी, वाहनामुळे इतरांना झालेल्या इजेबद्दल अगर हानीबद्दल मालकावर येणारे दायित्व. रस्त्यावरील अपघातात सापडलेल्यांना कायद्याने दिलेली भरपाईची हमी रस्त्याबाहेर कुठवर पोहोचते, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय.

सक्तीच्या विम्याची मर्यादा : भारतात त्रयस्थ पक्षाच्या विम्याची सक्ती १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने केली व ती १ जुलै १९४६ पासून अंमलात आली. पुढे या अधिनियमाची जागा १९८८ च्या अधिनियमाने घेतली. दोहोंतही ही सक्ती ‘सार्वजनिक स्थानी’ वाहन वापरण्यापुरतीच आहे. लोकांना प्रवेशाचा हक्क असलेला रस्ता, वाट किंवा अन्य जागा, तसेच उतारू चढविण्या-उतरविण्याचे थांबे यांचा या संज्ञेत समावेश होतो. साहजिकच रस्ता डांबरी आहे की कच्चा, यापेक्षा तेथे लोकांना प्रवेश आहे की नाही, याला महत्त्व आहे. त्यामुळे गावची पाणंद किंवा खुला समुद्रकिनारा रस्त्याबाहेरचा भासला, तरी कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक ठरू शकतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८०–९० या दशकात या संज्ञेचा व्यापक अर्थ लावला. जागा खाजगी मालकीची असली आणि तेथील प्रवेश मुक्त नसून नियंत्रित असला, तरी लोकांची ये-जा असल्यास ती सार्वजनिक स्थानात मोडते, असा त्याचा आशय आहे. याउलट, केवळ कारखान्यात अगर बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनविलेले खास वाहन अधिनियमाच्या व्याख्येनुसार ‘मोटार वाहन’च नव्हे.

मालकाचे दायित्व मात्र स्थानावर अवलंबून नसते. खाजगी खळ्यात ट्रॅक्टर मागे घेताना शेजारी चिरडला गेला, तर चालकाच्या निष्काळजीपणाबद्दल मालकाला भरपाई द्यावी लागते. ती विमा कंपनीने भरावयाची की त्याने स्वतः, हे जागेच्या स्वरूपावर व विमापत्राच्या शब्दांवर ठरते. सर्वंकष विमापत्रातील दायित्वविषयक कलम सामान्यतः सार्वजनिक स्थानापुरते सीमित नसते. केवळ कायद्याची गरज भागविणाऱ्या विमापत्रावर विसंबणाऱ्याने मात्र ही बाब पारखून घ्यावी लागते. संरक्षण नसेल आणि मालक निर्धन असेल, तर मृताच्या कुटुंबाच्या हाती निवाड्याचा कागद तेवढा उरतो. ट्रॅक्टरवर चालकाखेरीज बसलेल्यांनाही सामान्यतः संरक्षण मिळत नाही.

वाहनाचे नुकसान : भारतातील प्रमाणित सर्वंकष विमापत्रात आग, चोरी, पूर, वादळ, दरड कोसळणे व बाह्य कारणाने झालेला अपघात या जोखमींचा समावेश असतो, रस्ता सोडल्याबरोबर संरक्षण संपते, असे त्यात म्हटलेले नसते. तथापि आयोजित शर्यती व वेगचाचण्या त्यातून वगळलेल्या असतात. यांत्रिक बिघाड, झीज व अनुषंगिक हानी यांची भरपाईही मिळत नाही. पाण्यात शिरलेल्या मोटारीचे इंजिन बंद पडल्यावर ते पुनःपुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात सिलिंडरात पाणी ओढले जाते व दट्ट्याचे दांडे वाकतात. असे नुकसान अनुषंगिक मानून कंपन्या बहुधा नाकारतात. त्यासाठी इंजिन संरक्षणाची पुरवणी घ्यावी लागते. अपघातानंतर दुरुस्ती न करता वाहन हाकल्याने वाढलेले नुकसान विमेदाराच्याच माथी येते. उत्खनक, फिरती यारी यांसारखी यंत्रे काम करीत असता उलटल्यास होणारे नुकसान जादा हप्ता भरल्याशिवाय संरक्षित होत नाही.

इतर देश : ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने ही सक्ती ‘रस्त्या’पुरती होती, २००० साली तीत अन्य सार्वजनिक स्थानांची भर पडली. स्लोव्हेनियातील एका शेतवाड्यात ट्रॅक्टरच्या ट्रेलरचा धक्का शिडीला लागून तीवरील माणूस पडला. या प्रकरणी यूरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये निर्णय दिला, की वाहनाचा वापर त्याच्या नित्य कार्याशी सुसंगत असल्यास सक्तीचा विमा तेथेही लागू होतो. संघाच्या २०२१ च्या निर्देशाने भूप्रदेश कोणताही असला तरी, वाहतुकीचे साधन म्हणून होणारा वापर या कक्षेत आणला. संघाबाहेर पडलेल्या ब्रिटनने मात्र २०२२ मध्ये कायदा करून या निर्णयाचा परिणाम आपल्यापुरता रद्द केला. जखमी व्यक्तीच्या दृष्टीने शेत आणि सडक यांत भेद नाही; तो भेद कायद्याने किती राखावा, याविषयी देशोदेशींची धोरणे अशी भिन्न आहेत.