सरासरी माणूस कोठे भेटतो?

औशाच्या शिवारात सोयाबीनमध्ये हातकोळपे चालवतात. त्याची मूठ किती उंच हवी? सरासरी माणसाला साजेल एवढी? असा माणूस भेटणेच कठीण! अमेरिकी हवाई दलाने १९५० मध्ये ४,०६३ वैमानिकांची मापे घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स यांनी त्यांतली दहा तपासली. दहाही मापांत सरासरीच्या आसपास असणारा एकही वैमानिक निघाला नाही.

म्हणून आम्ही संशोधक सरासरीवर थांबत नाही. दार उंच माणसासाठी बेतावे, फळी ठेंगण्यासाठी. कोळप्याची मूठ मात्र वरखाली करता यावी. नाहीतर ठेंगण्या बाईचे खांदे भरून येतात, उंच गड्याची कंबर. भारतीयांच्या मापांचे देबकुमार चक्रवर्ती यांचे पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये काढले.

वर्गातल्या मुलामुलींच्या कोपरांची जमिनीपासूनची उंची मोजून पाहा. फरक लगेच कळेल.