कोणता कंटेनर उघडायचा?

न्हावा शेवाला उतरणाऱ्या आयात मालाचे बहुतेक कंटेनर कस्टम्सचा अधिकारी उघडतही नाही. कोणते उघडायचे, हे संगणक आधीच ठरवून मोकळा होतो.

जहाज लागण्यापूर्वी शिपिंग लाइन मालाची यादी दाखल करते. आयातदाराचा कस्टम ब्रोकर, ज्याला बंदरावर अजून सीएचए म्हणतात, कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचे घोषणापत्र, भरतो. ड्यूटीचा हिशोब 2011पासून आयातदारानेच मांडायचा आहे. त्याच्या शब्दावर इतकी भिस्त ठेवणे परवडते ते 2005 साली आलेल्या जोखीम व्यवस्थापन प्रणालीमुळे. आयातदाराचा पूर्वेतिहास, मालाचा प्रकार, मूळ देश, सांगितलेली किंमत हे सारे पाहून ती एखादे बिल थेट ड्यूटी भरायला सोडते, एखादे आकारणी तपासायला धाडते, तर एखाद्या मालाची तपासणीच काढते. काही बिले निव्वळ यदृच्छेने निवडली जातात; जुन्या, चोख आयातदारालाही त्यामुळे निर्धास्त राहता येत नाही. आकारणी तपासणारा अधिकारी 2020पासून देशातल्या कुठल्याही बंदरात बसलेला असू शकतो.

खरी ओढाताण वर्गीकरणावरून होते. सप्टेंबर 2023मध्ये टरफलासकट बदामावर किलोमागे 35 रुपये मूळ सीमाशुल्क होते, सोललेल्या बदामावर 100. अशा वेळी पोत्यात नेमके काय आहे, हे कागदावरून कळत नाही.

मग कंटेनर फ्रेट स्टेशनवर सीलचा क्रमांक कागदाशी ताडून सील तोडतात. दाराजवळची पोती पाहून भागत नाही, आतलीही काढावी लागतात. वजन होते, नमुने घेतले जातात. बदामासारख्या मालाला अन्नसुरक्षा आणि वनस्पती संगरोध विभागांची संमतीही लागते. दरम्यान जागेचे भाडे चढत राहते, आणि तपासणीत काहीच वावगे निघाले नाही तरी ते आयातदारालाच भरावे लागते. या व्यवस्थेतला हा सर्वांत अन्यायाचा भाग आहे.

ड्यूटी भरली, तपासणी उरकली की ‘आउट ऑफ चार्ज’ मिळतो आणि माल हलतो. प्रकरण मात्र तिथे मिटत नाही. कमी भरलेल्या ड्यूटीची नोटीस दोन वर्षांपर्यंत, आणि लबाडी केली असेल तर पाच वर्षांपर्यंत येऊ शकते.